जुन्या चाकूला चिंच लावू नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरातल्या जुन्या वस्तूंना झळाळी कशी आणावी, यावर एक अख्खं पान आलं होतं. तांब्याचे बंब, पितळी समया, अडकित्ते आणि शेवटी घडीचे जुने चाकू. समया-बंबांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण चाकू 'रात्रभर चिंचेच्या कोळात बुडवून सकाळी पॉलिश पेपरने घासावा, म्हणजे आरशासारखा लखलखतो' हा सल्ला वाचल्यावर गप्प बसवेना. शेजारी छायाचित्र छापलंय तेही खटक्याच्या रामपुरीचं!

कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये माझी उमेदीची वर्षं गेली. पोलाद तापवणं, त्याला पाणी देणं (म्हणजे तापलेलं पोलाद झटकन थंड करून कडक करणं), घासणं हेच माझं काम होतं. निवृत्तीनंतर मी घडीचे चाकू जमवतो, आणि त्यातही बार्लो या एकाच जातीचे. भाचा अमेरिकेत पिट्सबर्गला असतो. सुट्टीच्या दिवशी तिकडच्या जुन्या बाजारांत फिरणं हा त्याचा छंद, त्यामुळे माझी सोय होते. येताना तो चाकू सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकून आणतो (हातातल्या बॅगेत ठेवले तर विमानतळावरच जप्त होतील).

आधी चिंचेचं सांगतो. हे जुने चाकू साध्या कार्बन पोलादाचे, स्टेनलेस नव्हेत. जुन्या विळीवर कैऱ्या चिरल्या की पातं कसं निळसर-काळं पडतं, तसंच या पात्यांचं वर्षानुवर्षं होत गेलेलं असतं. हा काळेपणा म्हणजे घाण नव्हे. तांबड्या गंजाला तो थोडाफार अटकावच करतो. तांबडा गंज वेगळा, तो पोलाद खातो आणि तेवढाच काढायचा असतो, तोही तेलाचं बोट लावून, मऊ पितळी तुकड्याने खरवडून. रात्रभर आंबटात बुडवलेल्या चाकूत पाणी पाठीच्या स्प्रिंगपर्यंत आणि मुठीच्या आतल्या धातूच्या पत्र्यांपर्यंत शिरतं, ते बाहेर येत नाही. वरून चाकू लखलखतो आणि आतून सडतो. मूठ हाडाची असेल तर हाड फुगून पिनांपाशी तडकतं. राहिला पॉलिश पेपर. पात्याच्या मुळाशी, जिथे ते सांध्यात जातं, तिथे कारखान्याचा शिक्का ठोकलेला असतो. शंभर वर्षं वापरून तो आधीच केसाइतका उरलेला असतो. पेपरचे चार हात फिरले की गेला. त्यानंतर तो चाकू कुणी केला, कुठे केला, कुठल्या काळात केला, हे कुणालाही सांगता येणार नाही.

आता बार्लो म्हणजे काय, कारण बहुतेक वाचकांनी हे नाव ऐकलेलं नसेल. मिटलेला असताना साधारण साडेतीन इंचांचा, थेंबाच्या आकाराचा, मागे गोल फुगलेला आणि सांध्याकडे निमुळता. पातं एक किंवा दोन. दोन असली तर दोन्ही एकाच टोकाला. ओळखण्याची खूण म्हणजे सांध्याकडचा धातूचा भाग, ज्याला बोल्स्टर म्हणतात. इतर चाकूंना तो नखाएवढा असतो, बार्लोला मात्र मुठीचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापतो. खटका नाही, कुलूप नाही. पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं आणि नखाने ओढून उघडावं लागतं.

ही घडण इंग्लंडातल्या शेफील्डची. तिथल्या कारागिरांची संघटना, कटलर्स कंपनी, १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी. त्याच शतकाच्या उत्तरार्धातल्या ओबडाया बार्लो नावाच्या शेफील्डकराकडे या चाकूचं श्रेय दिलं जातं. पुढे हा माल अमेरिकेतल्या वसाहतींत इतका गेला की बार्लो हे कुणा एकाचं नाव न राहता चाकूच्या जातीचंच नाव झालं. ज्याने त्याने बोल्स्टरवर 'बार्लो' ठोकावं आणि विकावं.

अमेरिकेत तो घरोघरी पोचवला तो मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन रसेल कंपनीने. कंपनी १८३४ ची. खाटकाच्या सुऱ्या, शिकाऱ्यांच्या सुऱ्या हा तिचा मुख्य धंदा. १८७५ मध्ये तिने बार्लो करायला घेतला. एका पात्याचा १५ सेंटला, दोन पात्यांचा २५ सेंटला. बोल्स्टरवर इंग्रजी आर हे अक्षर आणि त्यातून आरपार गेलेला बाण. शेतावरच्या पोरांना परवडेल असा चाकू, आणि तो खरंच चालायचा.

टूलरूमवाल्याला आवडतो तो इथे. १५ सेंटात चाकू द्यायचा म्हणजे कुठेतरी कात्री लावावीच लागणार. रसेलने ती कुठे लावली, हे चाकू हातात घेतल्यावर दिसतं. बोल्स्टर लोखंडाचा, चांदीसारख्या दिसणाऱ्या निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचा नाही. आतले पत्रेही लोखंडी. पात्याला झिलई नाही, सहाणेच्या रेघा तशाच. हाडाची पट्टी करवतीने कापली आणि जवळजवळ तशीच बसवली, कोरीवकाम नाही, पॉलिश नाही. दिखाऊ होतं ते सगळं उडवलं. पण पाण्यात कसूर नाही, स्प्रिंगमध्ये कसूर नाही, आणि जिथे सगळा जोर येतो त्या सांध्यापाशी तर धातू दुप्पट-तिप्पट लांब. फळी खरवडताना पातं आडवं दाबलं गेलं तरी सांधा हलू नये म्हणून. मी माझ्या हयातीत असे पुष्कळ कारखानदार पाहिले ज्यांनी खर्च कमी करताना नेमकं उलटं केलं. त्यांच्या मालाला रंग उत्तम असायचा.

माझ्याकडच्या एका रसेलचं वर्णन करतो. पातं झिजून मूळच्या निम्म्या रुंदीचं राहिलंय, म्हणजे एकेका पिढीने दगडावर घासलंय. मुठीची एक बाजू साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, त्यावर करवतीची एकही खूण उरलेली नाही. दुसऱ्या बाजूला मात्र करवतीच्या तिरक्या रेघा अजून बोटाला लागतात. याचा अर्थ मालक तो नेहमी एकाच खिशात, एकच बाजू बाहेर ठेवून बाळगत असणार. बाण सरळ पाहिलं तर दिसत नाही. चाकू खिडकीपाशी नेऊन तिरका धरला की आरची पाठ आणि बाणाचं टोक उमटतं. हा चाकू चिंचेत बुडवायचा?

(आमच्याकडे हे चाकू स्वयंपाकघरात आणायला मनाई आहे. मुठी जनावराच्या नळीच्या हाडाच्या आहेत हे मी एकदा कौतुकाने सांगून बसलो, तेव्हापासून संग्रहाची रवानगी बाहेरच्या खोलीतल्या कपाटात झाली. वाद घालण्यात अर्थ नव्हता.)

टॉम सॉयरची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. त्यात मावसबहीण मेरी टॉमला बायबलमधली वचनं पाठ केल्याबद्दल कोरा करकरीत बार्लो देते, किंमत साडेबारा सेंट. चाकू काहीच कापत नाही, पण 'खरा बार्लो' असल्यामुळे पोरगं हरखून जातं, आणि लगेच कपाटावर ओरखडे काढतं. पुस्तक १८७६ चं, म्हणजे रसेलने सुरुवात केल्याच्या दुसऱ्याच वर्षीचं. मात्र गोष्ट त्याच्या तीसचाळीस वर्षं आधीच्या काळातली, तेव्हा टॉमचा चाकू रसेलचा असू शकत नाही. शेफील्डचा असेल नाहीतर शेफील्डची नक्कल. मार्क ट्वेनने तिथेच चिमटा काढलाय की इतक्या टाकाऊ चाकूची नक्कल करून कुणी त्याचं आणखी काय बिघडवणार!

धारेबद्दल आपल्या पानावर 'सहाणवाल्याकडून धार लावून घ्यावी' एवढंच आहे. याने चिंचेपेक्षाही जास्त वाटोळं होतं. सायकलवर फिरणारं चाक कोरडं असतं. असलं पातळ पातं त्यावर दोन सेकंद टेकलं तरी कडेला निळा रंग चढतो. निळा रंग म्हणजे ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि हे पोलाद पाणी दिल्यावर फार तर दोनशे-सव्वादोनशे अंशांवर नरमवलेलं असतं. म्हणजे पात्याचं पाणी उतरलं. त्या दिवशी ते भाजीही कापेल, चार दिवसांनी बोथट होईल आणि पुन्हा कितीही घासलं तरी धार टिकणार नाही. घरच्या घरी बारीक दगडावर, चार थेंब तेल घालून, हाताने धार लावावी. वेळ लागतो, लागू द्या.

तेलही कुठलं? खोबरेल लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते काही महिन्यांनी चिकट होऊन सांधा आवळतं. शिलाई मशीनचं पातळ तेल पुरे, एक थेंब सांध्यात आणि एक पात्यावर. चामड्याच्या पाकिटात चाकू बंद करून ठेवू नये. चामडं ओल धरतं, त्यातले क्षार पितळेवर हिरवं आणतात, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. मूठ जुन्या सेल्युलॉइडची असेल, म्हणजे कासवाच्या पाठीसारखी किंवा मोत्यासारखी चमकणारी, तर तो चाकू इतरांपासून लांब, हवेशीर जागी ठेवावा. सेल्युलॉइड सडू लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचे चांगले चाकूही गंजतात. १९६० नंतरच्या स्वस्त बार्लोंवर डेलरिन नावाचं प्लास्टिक आलं. दिसायला भिकार, पण त्याला काही होत नाही.

ज्यांना हे वाचून हौस वाटेल त्यांच्यासाठी एवढंच, की सुरुवात रसेलपासून करू नये. खोटा शिक्का ठोकून, हाड चहात रंगवून विकणारे तिकडेही कमी नाहीत. नवीन हवा असेल तर पेनसिल्वेनियातल्या टायटसव्हिलला २००६ मध्ये निघालेली ग्रेट ईस्टर्न कंपनी जुन्या पद्धतीने, कार्बन पोलादाचे उत्तम बार्लो करते. किंमत मात्र बहुधा शंभर डॉलरच्या वर. (हे तेच टायटसव्हिल जिथे १८५९ मध्ये ड्रेकच्या विहिरीला खनिज तेल लागलं. आम्हा ऑइल इंजिनवाल्यांना ते ठाऊक असायला हरकत नाही.) १५ सेंटच्या चाकूसाठी इतके पैसे मोजणं मला स्वतःला थोडं विचित्रच वाटतं, तरी त्यांचं काम पाहिलं की बोलती बंद होते. पातं मिटलेलं, अर्धं उघडलेलं आणि पूर्ण उघडलेलं असताना पाठीवरून नख फिरवलं, तर स्प्रिंग तिन्ही वेळा सपाट लागते. हे साधणं किती अवघड आहे ते ज्याने हाताने कानस चालवलीय त्याला विचारा.

शेवटी त्या छायाचित्राबद्दल. घडीचा चाकू म्हटलं की रामपुरी छापायचा, यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना माझ्या कपाटात काहीतरी बेकायदा आहे असं वाटतं. शस्त्र नियमांनुसार परवान्याचा प्रश्न येतो तो ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांच्या बाबतीत, आणि त्यातूनही घरगुती व शेतीकामाची अवजारं वगळलेली आहेत. बार्लोचं पातं जेमतेम अडीच इंच लांब. अर्थात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू असताना चाकू खिशात घालून मिरवू नये, तो घरीच बरा.

तेव्हा पुढच्या रविवारी चिंचेचा आणि सहाणवाल्याचा सल्ला मागे घेणारी चौकट छापावी, ही विनंती. आणि ज्या वाचकांच्या घरी आजोबा-पणजोबांचा शेफील्डचा चाकू असेल, तारा आणि माल्टीज क्रॉसच्या खुणेचे तिथल्या रॉजर्स कंपनीचे चाकू आपल्याकडे पुष्कळ येत, त्यांनी त्याला काही लावण्याआधी पात्याच्या मुळाचा भिंगातून एक फोटो आपल्याकडे पाठवावा असंही त्यात लिहावं. शिक्के वाचून द्यायला मी तयार आहे, त्याचे पैसे नकोत.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फोरमन, कोल्हापूर