आग नव्हती तेव्हा आलात म्हणून

पोलीस ठाण्याचे बीट जमादार भाऊ आणि आगीच्या गाडीवरच्या सगळ्या भावांनो, जय गुरु.

नावं टाकत नाही, कारण जमादार भाऊंनी आधीच बजावलं होतं की ताई, माझं नाव-फोटो फेसबुकवर टाकू नका, वरून विचारणा होते. तर बिननावाचंच लिहून राहिली आहे. ज्यांच्यासाठी आहे त्यांना बरोबर समजंल.

मे महिन्यात आमच्या गावात गोठा जळला, तो तुम्ही येऊन विझवला, त्याचे आभार गावानं मानून झाले आहेत. हार-नारळ झालं, सरपंचाचं भाषण झालं, व्हॉट्सॲपवर फोटो फिरले. मला आभार मानायचे आहेत ते एप्रिलचे, जेव्हा गावात कुठंच आग नव्हती आणि तुम्ही पोलीस आणि फायर ब्रिगेड, दोन्ही खात्यांचे लोक भर उन्हात मंदिरासमोरच्या मांडवात येऊन बसले होते, आणि खरं सांगते, अर्ध्या गावाला वाटलं होतं की कायतरी वसुली नाहीतर चौकशी असंल. पोलिसांची गाडी गावात आली की आपल्याकडे लोक पहिले हेच विचारतात ना, कोणाच्या घरी आली?

14 एप्रिल म्हणजे आपल्याकडे जयंती. निळे झेंडे, मिरवणूक, रात्री उशिरापर्यंत डीजे. त्याच तारखेला अग्निशमन दिवस असतो आणि पुढं आठवडाभर कार्यक्रम असतात हे आमच्यापैकी कोणाच्या गावीही नव्हतं. तुम्ही 1944 ची मुंबई गोदीतली गोष्ट सांगितली, फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज, पोटात दारुगोळा आणि त्याच्यासोबतच कापसाच्या गाठी, दुपारी गाठींमधून धूर निघाला, आग नेमकी कुठं आहे तेच सापडत नव्हतं, पाण्यावर पाणी मारलं तरी आतून धुमसतच राहिली आणि शेवटी चारच्या सुमारास अख्खं जहाज उडालं, विझवायला गेलेले 66 जवान गेले. कापसाचं नाव निघालं तसे मागं टेकून बसलेले लोक सरळ झाले. कारण त्या टायमाला गावातल्या किती घरांत कापूस भरून होता! 2024-25 चा हमीभाव लांब धाग्याला 7521 रुपये होता, बाजारात त्याच्या खाली, म्हणून भाव वाढंल या आशेवर बाजेखाली कापूस, माजघरात कापूस, लेकरं कापसावरच झोपतात. तुम्ही म्हणाले कापसातली आग उंदरासारखी असते, वरून दिसत नाही, आतून आतून पोखरत जाते, वरून पाणी टाकून विझली समजू नका, उपसून बाहेर मोकळ्या जागी पसरवा आणि मग भिजवा. हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि पिढ्यानपिढ्या कापूस तर आम्हीच पिकवून राहिलो.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते तुमच्यातल्या मोठ्या भाऊंचं एक बोलणं. कोणीतरी विचारलं की फोन केल्यावर गाडी किती वेळात येते. दुसऱ्या कोणी असतं तर "लवकरात लवकर" म्हणून मोकळं झालं असतं. ते म्हणाले, "पाऊण तास धरा. तालुक्याले एकच गाडी हाय, मधात रेल्वे फाटक लागलं तर अजून येळ. गाडीत साडेचार-पाच हजार लिटर पाणी असते, ते एका पाइपानं दहा-बारा मिनिटांत संपते. तवरक आग तुमची हाय, आमची नाही." मांडवात एकदम गुपचूप झालं. मला वाटते तिथून पुढं लोकांनी खरं ऐकायला सुरुवात केली. सरकारी माणूस आपण कमी पडणार हे आधीच तोंडावर सांगते, असं आपल्याकडे फार होत नाही.

मग तुम्ही उलट आम्हालाच विचारलं. आग लागल्यावर पहिले काय कराल? सगळे म्हणाले डीपीवरून लाईन बंद करू. बरोबर, वायर जिवंत असली तर पाणी मारणाराच चिकटंल. पण लाईन बंद केली की बोअर बंद, नळ बंद, मग पाणी कुठून आणता? यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. तेव्हा तुम्हीच रस्त्याच्या बाजूला उभ्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं. आपल्या भागात संत्र्याच्या बगीच्यावाल्यांकडे ट्रॅक्टरवर चालणारे फवारणीचे पंप आहेत, पाचशे-सहाशे लिटरची टाकी, लांब पाइप, प्रेशर भरपूर, लाईटीचं काम नाही. उन्हाळाभर ते बिनकामाचे उभे राहतात. टाकी स्वच्छ धुवा, साध्या पाण्यानं भरून ठेवा आणि कोणाचा पंप कोणत्या गल्लीला लागते ते ठरवून ठेवा, एवढंच तुम्ही सांगितलं. खर्च शून्य. फायर ब्रिगेड आमच्या गावात आधीपासून उभी होती असं म्हणा ना, फक्त आम्हाला दिसत नव्हती.

आणि बायांना पुढं बोलावलं त्याचे वेगळे आभार. खुर्च्यांवर माणसं आणि आम्ही मागं पदर सांभाळत उभ्या, नेहमीसारखं. जमादार भाऊ म्हणाले दुपारी घरी कोण असते, ते पुढं या. मग सिलिंडर पेटवला आणि विझवायला सांगितलं. आमच्याकडे उज्ज्वलाचा सिलिंडर चुलीला चिकटूनच, इकडं भाजी तिकडं अंघोळीचं पाणी. तुम्ही समजावलं की हा गॅस हवेपेक्षा जड असते, खाली जमिनीवर पसरते आणि सरकत सरकत चुलीतल्या निखाऱ्यापर्यंत जाते. वास आला तर दारं उघडा, लाईटीचं बटन चालू पण नका करू, बंद पण नका करू, 1906 वर फोन करा. नळी दर पाच वर्षांनी बदला. पेटलाच तर ओलं पोतं. गल्लीतली एक म्हातारी, जिला आम्ही सगळ्या भितो, ती पोतं घेऊन गेली आणि असं काही दाबलं त्या सिलिंडरवर की ज्वाळ तर विझलीच, वरून तुमच्या जवानालाच म्हणे, "येवढं सोपं होतं तं इतके दिवस काऊन नाही सांगतलं बे?" तुम्ही हसले, पण तिचा प्रश्न चुकीचा नव्हता.

जमादार भाऊ, तुमचं काम कमी दिसते म्हणून तुमचं जरा सविस्तर लिहिते. 112 चं तुम्ही सांगितलं तेव्हा समजलं की तो फोन आपल्या ठाण्यात लागतच नाही, आधी नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या केंद्रात जाते आणि मग तिथून आपल्याकडं निरोप येते. म्हणून नुसतं "वडगाववरून बोलतो" म्हटलं तर समोरच्याला काय घंटा समजणार, वडगाव, पिंपळगाव तर जिल्ह्याजिल्ह्यात पडले आहेत. गाव, तालुका, जिल्हा, फाट्याची खूण, या क्रमानं बोला असं सांगून तुम्ही चक्क पोरापोरींकडून पाठ करून घेतलं. आता माझ्या लेकीला झोपेतून उठवलं तरी सांगते.

दुसरं, पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा. दर उन्हाळ्यात येते, व्हॉट्सॲपवर कुठला तरी व्हिडीओ, आणि गावात कोणी बहुरूपी, जोशी, नाथजोगी भिक्षेला आला की पोरं काठ्या घेऊन तयार. तुम्ही ओरडले नाहीत. फक्त राईनपाड्याचं सांगितलं. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका, भिक्षा मागत फिरणारी पाच माणसं, बाजाराच्या दिवशी अफवेवरून ठेचून मारली. पोटासाठी मंगळवेढ्याकडून आलेली माणसं होती ती. आणि मग तुम्ही पोरांना म्हणाले, संशय आला तर माणूस बसवून ठेवा, पाणी पाजा, मले फोन करा, हात लावाल तर पहिला गुन्हा तुमच्यावरच. पाणी पाजा हे मला फार आवडलं. त्याच पोरांचं तुम्ही मग सुरक्षा दल केलं, रात्रीची गस्त वाटून दिली, शिट्ट्या दिल्या. वावरातल्या केबलच्या चोऱ्या तेव्हापासून कमी वाटतात. पूर्ण बंद झाल्या असं खोटं बोलणार नाही. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागून लाल रेडियम पण लावून दिलं तुम्ही, तेही राहिलंच होतं सांगायचं.

आता मे महिन्याचं. ते सगळ्यांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. दुपारची वेळ, वारा सुटलेला, गोठ्यात कुटार म्हणजे ढोरांचा भुसा, बाजूला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा ढीग, आणि भिंतीला भिंत लागून कापसानं भरलेलं घर. कशानं लागली ते पंचनाम्यात आहे, इथं नाही लिहीत. पण मी डोळ्यांनी पाहिलं की कोणी बोंबलत पळालं नाही. एक पोरगा डीपीकडं, दोघं फाट्यावर गाडीला रस्ता दाखवायला, बाकीच्यांनी गल्लीतल्या मोटारसायकली ओढून बाजूला केल्या. बैलांची दावी आता एक टोक ओढलं की सुटंल अशा गाठीची असतात, तीही तुमचीच शिकवणी, ती पटापट सुटली. एक गोऱ्हा साखळीला होता, तो गेला. पंप दोन आले, आणि ते गोठ्यावर नाही, शेजारच्या घराच्या भिंतीवर आणि छपरावर पाणी मारत राहिले, कारण गोठा तर गेलाच होता आणि तुम्ही सांगितलं होतं की जळते ते सोडा, जळणार आहे ते पकडा. घर वाचलं, वर्षाचा कापूस वाचला.

तुमची गाडी आली तेव्हा खरं काम तर तिथून सुरू झालं. संध्याकाळपर्यंत ते कुटार तुम्ही लोकांनी काट्यांनी उपसून उपसून भिजवलं, त्या उन्हात, त्या जाड कपड्यांत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत धूर दिसला तर परत आले, कुरकूर न करता. तुमच्यातले बरेच जण कंत्राटावर आहेत हे नंतर समजलं. पगार किती ते तुम्ही सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही, पण ज्यांच्या हातात हे आहे त्यांनी विचार करायला पाहिजे असं मी इथं मुद्दाम लिहून ठेवते. आणि जमादार भाऊ, व्हिडीओ काढत उभ्या पोराच्या हातातला मोबाईल काढून तुम्ही बादली दिली ते दृश्य गाव अजून सांगते. रात्री त्या घरच्यांना तुम्ही म्हणाले राख उचलू नका, तलाठ्याचा पंचनामा होऊ द्या, ठाण्यात जळिताची नोंद करा, गोऱ्ह्याचं डॉक्टरकडून करून घ्या. रडणाऱ्या माणसाला त्या टायमाला कागद सुचत नाहीत. तुम्ही सुचवले म्हणून त्यांची फाईल तरी पुढं सरकली.

एक काम राहिलं आहे. पाण्याच्या टाकीला खाली तुमच्या गाडीचा पाइप लागंल असं तोंड बसवायचं तुम्ही सांगितलं होतं, 63 एमएमचं. ग्रामसभेत आम्ही बचत गटाच्या बायांनी तो विषय लावून धरला आणि मंजूर करून घेतला, पण आमच्या मिस्त्रीनं तसं कपलिंग कधी पाहिलं नाही. तर इकडं चक्कर झाली की एक नमुना घेऊन या, आणि या वेळी चहा बसून प्या.

तुमची,
बचत गटवाली ताई