गाडी केव्हा तापते ते आधी बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. गाडी तापते म्हणून एक मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) काढून टाका, दुसरा म्हणतो हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागेल. तू दोघांनाही थोडं थांबव. तापमानाचा काटा लालपर्यंत जातो एवढंच तू लिहिलंयस. केव्हा जातो ते लिहिलं नाहीस, आणि सगळी मेख तिथेच आहे.

ट्रॅफिकमध्ये उभं असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्याला लागलं की उतरतो, असं असेल तर पंखा तपास. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोण? इंजिन तापूनही पंखा लागत नसेल तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच), तापमानाचा स्विच आणि शेवटी मोटर बघ. एसी लावल्यावर तोच पंखा फिरत असेल, तर मोटरवर खर्च करायचं कारण नाही.

वेगात किंवा चढावर तापत असेल तर गोष्ट वेगळी. पाणी फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता टाकत नाही. आतल्या नळ्या क्षारांनी बुजलेल्या असतात, किंवा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ-कचऱ्याचा थर बसलेला असतो, जो समोरून दिसतच नाही. वॉटर पंपाची पाती गंजून झिजली असली तरी हेच होतं. पण त्याआधी खालचा होज, म्हणजे रेडिएटरमधून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप, नक्की बघ, कारण याच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. इंजिन गरम झालं की कुणाला तरी हळूहळू रेस द्यायला सांग आणि तू होजवर नजर ठेव. हात पंख्यापासून लांब. पंप त्याच होजमधून पाणी ओढतो. रबर मऊ पडलं असेल किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली असेल, तर रेस वाढताच होज चपटा होतो आणि रेस सोडली की पुन्हा फुगतो. इंजिन बंद असताना, साध्या तपासणीत तो अगदी धडधाकट दिसतो.

थंड गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढत असेल आणि इंजिन तापलेलं, रेडिएटर मात्र गार असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. तो काढून पाण्यात टाक, थर्मामीटर लावून तापव. त्यावर ८२ कोरलं असेल तर ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवा घाल, पण थर्मोस्टॅटशिवाय गाडी चालवू नकोस. इंजिन गरजेइतकं गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते आणि खरा दोष झाकला जातो.

रेडिएटरचं झाकण मात्र आजच बदल. निम्मं पाणी, निम्मं कूलंट असं मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळतं. १५ पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरणाऱ्या झाकणाखाली तेच १२९च्या आसपास जातं. झाकणाचं रबर वाळलं की हा सगळा फरक हातचा जातो. झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघड, तिथे घाई नको.

आता हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालच्या इंजिन ब्लॉकमधली सांधपट्टी, ज्याची तुला धास्ती आहे. गळती कुठेच नाही आणि तरी पाणी कमी होतं, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, सुरू केल्यावर मिनिटभरातच इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज दगडासारखा घट्ट होतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबत नाहीत, यातलं काही दिसलं तर संशय घ्यायचा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून लगेच घाबरू नकोस, छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे साचलेल्या ओलाव्यानेही तो येतो. हेड उतरवण्याआधी निळ्या द्रवाची टेस्ट करून घे. पाण्यात जळलेला गॅस येत असेल तर द्रव पिवळा पडतो. ती न करता कुणी हेड उतरवायला घेतलं तर सरळ नाही म्हण.

हो, काट्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. जुन्या गाडीत सेन्सर किंवा त्याचं अर्थिंग बिघडलेलं असू शकतं. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरून ताडून बघ.

तोवर लांब जाऊ नकोस. रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद कर, हीटर पूर्ण चालू कर आणि जागा मिळताच इंजिन बंद कर. ॲल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की आज जो खर्च टाळतोयस तोच अंगावर येईल. हीटरमधून गार हवा आली तर तेही लक्षात ठेव. पाणी कमी आहे किंवा एअर लॉक झालाय, म्हणजे पाण्याच्या वाटेत हवा अडकलीय.

खालच्या होजचं काय दिसलं ते लगेच कळव. पुढचं त्यावरून ठरवू.

तुझाच,
मित्र