तू भिरकावलेली शेगडी

दापोली,
दि. २१ डिसेंबर

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर माझे पत्र नाही आणि तुझ्या दोन फोनांनाही मी उत्तर दिले नाही, याबद्दल जे काही बोलायचे असेल ते मनातल्या मनात बोलून घे. माझी साखर आटोक्यात आहे, हिचे गुडघे होते तसेच आहेत, आणि प्रकृतीचा विषय इथे संपला.

लिहायला बसलो आहे ते एका शेगडीमुळे. कोयनानगरची ती रात्र तू विसरला असशील असे मला वाटत नाही. अण्णांची मॅटॅडोर घाट चढून आल्यावर बंद पडली होती, आपण तिघे मागे गोणपाटे पांघरून कुडकुडत होतो, आणि चहावाल्याच्या हातापाया पडून मी आणलेली निखाऱ्यांची शेगडी तू उचलून सरळ रस्त्यावर भिरकावलीस. पुढे चार महिने मी तुझ्याशी बोललो नाही, तुझ्या लग्नाच्या पंक्तीत मुद्दाम तुझ्याकडे पाठ करून जेवलो, आणि शेगडीचे सव्वीस रुपये मात्र मलाच भरावे लागले हे अजूनही अधूनमधून ऐकवतो. ते पैसे आज मी सोडले.

झाले असे, की नातू पुण्याहून आला तो उल्कांचे खूळ डोक्यात घेऊनच. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीच्या दिशेकडून उल्कांचा वर्षाव होतो, हे त्याला शाळेत कळले होते आणि तो म्हातारीच्या वाड्यामागच्या सड्यावर, ओम्नीत झोपून पाहायचा हे त्याने परस्पर ठरवूनही टाकले होते. बारा वर्षांच्या मुलाला नाही म्हणण्याची माझी शक्ती किती, हे तू जाणतोसच. शिवाय कोकणात कसली आली आहे थंडी, असे मीच लेकीला फोनवर ऐटीत सांगितले. हर्णैला समुद्राच्या उबेमुळे डिसेंबरातही पंखा लावावासा वाटतो, पण तिथून पंधरा-सोळा किलोमीटर वर चढून आले की दापोलीत दात वाजतात, हे मला काय ठाऊक नव्हते? त्यात सडा म्हणजे उघडा कातळ. दिवसा तापलेला जांभा निरभ्र आकाशाखाली सगळी ऊब भराभर सोडून देतो, आणि मध्यरात्रीनंतर जमिनीकडून समुद्राकडे मतलई सुटला की अंगावरचे पांघरूण नावापुरते उरते.

मागची बैठक काढून मी एक पातळ गादी अंथरली होती आणि पांघरायला दोन रजया घेतल्या होत्या. अकरापर्यंत सतरा उल्का मोजून झाल्या आणि मग खालून थंडी चढू लागली. रजई कितीही जाड असली तरी पाठीखाली दबलेल्या कापसात हवा राहत नाही, आणि पत्रा अंगातली ऊब शोषून घेतो, ही गोष्ट मला तिथे पाठीनेच शिकवली. तेव्हा मी शेगडी पेटवली. करवंटीचे कोळसे बाहेर फुंकून चांगले लाल केले, धुराची रेघही उरली नाही तेव्हाच शेगडी आत घेतली आणि पुढच्या दोन आसनांच्या मागे पत्र्यावर टेकवली. तुझी आठवण झाली नाही असे नाही. तुझ्या सन्मानार्थ मी काच दोन बोटे खाली ठेवली. काच उघडी ठेवायला हवी असे तू त्या रात्री ओरडला होतास, एवढेच माझ्या ध्यानात राहिले होते. निखारा आत नकोच, हे त्यातले मुख्य वाक्य मी इतकी वर्षे सोयीस्करपणे विसरलो होतो.

तीनच्या सुमारास जाग आली ती डोके फुटल्यासारखे दुखत होते म्हणून. मळमळत होते. पित्त उसळले असे वाटले आणि कूस बदलून परत झोपणार होतो. बंडू, खरोखर झोपणारच होतो. दाराच्या खटक्याकडे हात नेला तर बोटे भलतीकडेच गेली, आणि त्या क्षणी मला तुझा तो ओरडण्याचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला. दार सरकवले. पोराला तीन हाका मारल्या. त्याने उत्तर दिले नाही. त्याला काखेत धरून दवाने ओल्या झालेल्या कातळावर ओढले, तेव्हा त्याने डोळे उघडले, ओकला, आणि म्हणाला, ‘‘आजोबा, उल्का संपल्या का?’’

घरी येऊन करोनापासून पडून असलेले बोटाला लावायचे यंत्र त्याच्या बोटाला लावले. आकडा अठ्ठ्याण्णव. मी देवापुढे दिवा लावला. सकाळी डॉक्टरांकडे नेले तेव्हा ‘थंडी बाधली’ एवढेच सांगितले. शेगडीचा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. दुपारी मात्र राहवेना, म्हणून एकटाच परत गेलो आणि सगळे कबूल केले. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले ते मी विसरणार नाही. हवा कमी पडली की निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. ते बोटाचे यंत्र या दोहोंत फरकच करू शकत नाही, म्हणून माणूस गुदमरत असतानाही ते अठ्ठ्याण्णव दाखवू शकते. म्हणजे माझा दिवा देवाला पोहोचला असेल, पण चुकीच्या हिशेबावर. त्यांनी पोराला पुन्हा बोलावून नीट तपासले. तो ठणठणीत आहे आणि कालपासून रोज दोन पोळ्या जास्त खातो आहे.

त्यानंतर मला झोप लागेना. विस्तवाशिवाय ती रात्र काढता आली असती का, हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून १७ तारखेला ओम्नी अंगणात उभी केली आणि आत एकटा झोपलो. हिला सांगितले की घोरण्याचा तुला त्रास नको. चाळीस वर्षांनी सुचलेल्या या शहाणपणाचा तिला चांगलाच संशय आला. खाली दोन गोणपाटांत भाताचा पेंढा भरला, त्यावर घोंगडीची चौघडी, मग गादी. खिडक्यांना मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांची झाकणे कापून लावली, त्यामुळे रात्रभर बांगड्याच्या स्वप्नात होतो. कुळथाचे पिठले आणि भात पोटभर जेवलो, झोपण्यापूर्वी दिवसभराचे घामट कपडे बदलून कोरडे घातले, कानटोपी ओढली, आणि स्टीलच्या दोन बाटल्यांत कढत पाणी भरून त्या जुन्या पायमोज्यांत घालून पायाशी ठेवल्या. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर खाली होत्या, तरी पहाटे छताला माझ्याच श्वासाचे थेंब लोंबत होते; सगळे बंद केले असते तर गोधडी पिळून वाळत घालावी लागली असती. बाटल्या चार वाजेपर्यंत कोमट होत्या. मला एकदाच उठावे लागले, आणि ते थंडीमुळे नव्हे. या वयात ते कशामुळे, हे तुला सांगायला नको. इतके सोपे होते, बंडू. पेंढा गोठ्यात पडून होता.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन नीट झाले हे धाकट्याकडून कळले, आनंद झाला. वहिनींना नमस्कार. जागेच्या तंट्याचे काय झाले ते कळव, आणि वकिलाला आणखी पैसे देऊ नकोस.

लेकीला अजून काहीच सांगितलेले नाही. पोराला वाटते की त्याला जागरण बाधले. तो पुढच्या डिसेंबराचे बेत करतो आहे. आठ दिवस मी स्वतःला समजावतो आहे की झाले ते झाले, आता सांगून तिच्या जिवाला घोर कशाला. पण उद्या हा पोरगा मित्रांबरोबर कुठे गाडीत झोपेल आणि ‘आजोबांनी अशीच शेगडी घेतली होती’ म्हणून निखारे आत घेईल, हे मनात आले की हातातला पेला खाली ठेवावा लागतो. तू त्या रात्री निदान सगळ्यांच्या तोंडावर ओरडलास. मी चार महिने अबोला धरीन हे तुला ठाऊक होते, तरी ओरडलास.

हे पाकीट पेटीत टाकून येतो आणि पोराला समोर बसवून लेकीला फोन लावतो. तिचा आवाज कऱ्हाडपर्यंत आला तर दचकू नकोस.

तुझा,
बापू