सियागंजच्या काकांना

ती. काकांना,
सा. न.

तुम्ही माझे सख्खे काका नाही, बाबांचे रामबागेतले शेजारी, सियागंजच्या बाजारात तेलाचे सौदे करणारे. हे पत्र घरी येऊन हातात द्यायला हवं होतं. पण इंदूरच्या इतर शिक्षकांनीही ते वाचावं असं वाटतं, म्हणून उघड लिहिते आहे.

एप्रिल २०२२ मध्ये सातवीच्या मुलांना मी बातम्यांची कात्रणं आणायला सांगितली होती. बहुतेकांनी युक्रेनचं युद्ध आणलं. एकीने आणलं ते इंडोनेशिया २८ तारखेपासून पामतेलाची निर्यात थांबवणार असल्याचं. मी नकाशावर काळा समुद्र दाखवला, जाकार्ता दाखवलं, मुलांनी वहीत उतरवून घेतलं. मग नमकीनवाल्याच्या मुलाने विचारलं, "टीचर, या सगळ्यात आमच्या शेवेचा भाव का वाढला?" मला उत्तर अर्धंच येत होतं. त्या संध्याकाळी तुम्हाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी ऐन बाजाराच्या वेळी सौदे सोडून तुम्ही आलात. टेबलावर तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा ठेवलात, अर्ध्याच्या वर खडूने रेघ ओढलीत आणि म्हणालात, "देशाला लागतं त्यातलं एवढं तेल बाहेरून येतं." सकाळी मलेशियाच्या बाजारातला पामतेलाचा भाव बघायचा, रात्री शिकागोचा सोयातेलाचा, हे तुमचं रोजचं काम मुलं आ वासून ऐकत होती. युक्रेनची बंदरं अडली की सूर्यफुलाचं तेल येत नाही, गिऱ्हाईक पाम आणि सोयाकडे वळतं. पामही अडलं की माळव्याच्या सोयाबीनला तेजी.

तेवढ्यात इंदूरजवळच्या सांवेरचा मुलगा उठला. "पण आजोबा खूश आहेत, त्यांनी सोयाबीन राखून ठेवलंय." नमकीनवाल्याचा मुलगा त्याच्याकडे बघत राहिला. तुम्ही दोघांना पुढे बोलावलंत, डब्याच्या दोन बाजूंना उभं केलंत आणि दोघांचंही पूर्ण ऐकून घेतलंत. त्या दहा मिनिटांसाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

मग एकीने रागाने विचारलं, इंडोनेशियाने आपलं तेल का अडवलं? तिथेही तेल महागलं होतं, तिथल्या बायकाही रांगा लावत होत्या, हे तुम्ही सांगितलंत. "मग तिथल्या शेतकऱ्यांचं काय?" यावर तुम्ही म्हणालात, "ठाऊक नाही बेटा, विचारून सांगतो."

आणि सांगितलंत! शाळेला सुट्टी लागली होती तरी मे महिन्यात तुमचा फोन आला: पामच्या फळांचे भाव पडले म्हणून शेतकरी जाकार्तात निदर्शनं करताहेत. काही दिवसांनी पुन्हा फोन, २३ मेला बंदी उठली. जूनमध्ये त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "काकांनी खरंच लक्षात ठेवलं?"

तो डबा अजून वर्गात आहे. खडूची रेघ पुसली जाते, नवी सातवी ती पुन्हा काढते. या जुलैत याल का? बाजार उठल्यानंतरची वेळही चालेल, मुलांना मी थांबवून ठेवीन.

तुमची,
रामबागेतली पुतणी