बातमी छापून आल्यानंतर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

कामगारांच्या बातम्या तुझ्याकडे आल्या, फार बरं वाटलं. कामगार बाया बातमीत नाव द्यायला तयार नाहीत, असं फोनवर म्हणालीस, तेव्हापासून ॲनी बेझंट मनात घोळताहेत. आपण त्यांना होमरूलवाल्या म्हणून ओळखतो, पण त्याआधी लंडनमध्ये त्या 'द लिंक' नावाचं अर्ध्या पेनीचं साप्ताहिक चालवत.

ब्रायंट अँड मे या काडेपेटीच्या कारखान्यातल्या मुलींशी बोलून त्यांनी २३ जून १८८८ च्या अंकात लेख लिहिला. तो मला आवडतो तो त्यातल्या हिशेबासाठी. सोळा वर्षांच्या मुलीला आठवड्याला चार शिलिंग, त्यातले दोन खोलीच्या भाड्यात. पाय मळके दिसले तरी तीन पेन्स दंड. भागधारकांना मात्र वीस टक्क्यांहून जास्त लाभांश!

मग मालकांनी 'आम्ही समाधानी आहोत' अशा कागदावर सह्या मागितल्या. मुलींनी सही केली नाही. एकीला कामावरून काढलं आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे १४०० जणी बाहेर पडल्या.

संप करा, असं बेझंटबाईंनी सांगितलं नव्हतं. लोकांनी त्या काड्या घेऊ नयेत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. म्हणून या संपाला त्यांचं नाव द्यायला माझं मन धजत नाही. संप सारा चॅपमनसारख्या कामगार बायकांचा होता. लिहिणारीची जागा शाबूत राहते, सांगणारीची भाकरी जाते, हे विसरू नकोस.

पण बेझंटबाई लेख छापून मोकळ्या झाल्या नाहीत. निधी उभा केला, संपकरी बायकांना पैसे वाटले, त्यांचं शिष्टमंडळ पार्लमेंटपर्यंत नेलं. तिथले सदस्य निवडायला या बायकांना मतच नव्हतं. दोन आठवड्यांच्या आत दंड रद्द झाले, जेवायला वेगळी जागा कबूल झाली. पुढे युनियन झाली, तिच्या चिटणीस बेझंटबाईच. काड्यांत वापरला जाणारा, कामगारांचा जबडा कुजवणारा पांढरा फॉस्फरस थांबवायला मात्र १९०८ चा कायदा यावा लागला.

मताधिकाराचंही त्यांनी सोडलं नाही. १९१७ साली मद्रासच्या अड्यारला विमेन्स इंडियन असोसिएशन ही बायकांची संघटना निघाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच. त्याच वर्षी सरोजिनी नायडूंच्या शिष्टमंडळानं ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांच्याकडे बायकांसाठी मत मागितलं. आपल्या मुंबई इलाख्यात ते १९२१ मध्ये मिळालं, तेही मालमत्ता असलेल्या बायकांनाच.

तेव्हा नावासाठी कुणाच्या मागे लागू नकोस. कामाची पाळी, कामाचं टेबल, गाव यांवरूनही बाई ओळखू येते, तेही गाळ. छापण्याआधी तिला मजकूर वाचून दाखव आणि छापून आल्यावर आठवडाभर तरी रोज फोन कर. पगाराच्या चिठ्ठ्या मिळाल्या तर बाबांना पाठव. युनियनचे हिशेब त्यांनी बरीच वर्षं ठेवलेत, कुठली कपात बेकायदा आहे ते लगेच सांगतील.

तुझी,
आई