एका माणसाचा वर्षभराचा पगार हवा आहे

ठाणे आणि नवी मुंबईतील सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

जून आला की कैद्यांच्या मुलांसाठी वह्या, थंडी पडली की चादरी, दिवाळीआधी फराळ, असं कैद्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या संस्थेचं मागणं ठरलेलं असतं. तुम्ही आम्हाला कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाहीत. यंदाचं मागणं जरा अवघड आहे. आम्हाला एका माणसाचा वर्षभराचा पगार उभा करायचा आहे. जामीन मंजूर होऊनही तुरुंगात अडकलेल्यांचे कागद पुढे सरकवणं हे त्याचं मुख्य काम. पदाचं नाव कागदोपत्री ‘बाह्यसंबंध प्रमुख’. ऐकायला परराष्ट्र खात्यातलं वाटतं, पण या माणसाची सगळी फिरती कोर्ट नाका, कलेक्टर कचेरी, तुरुंगाचं फाटक आणि मंत्रालय एवढ्यातच व्हायची आहे.

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये तो बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी दिली गेली. हा इतिहास ठाणेकर अभिमानाने सांगतात. आज त्याच भिंतींच्या आत कोण बसलंय, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. या कारागृहाची अधिकृत क्षमता १,१०५ आहे, आणि वर्षानुवर्षं त्यात त्याच्या कितीतरी पट माणसं कोंबलेली असतात. त्यांतले बहुतेक ‘कच्चे कैदी’, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही असे. देशभर तेच चित्र आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे. चारांतले तीन.

यांतल्या काहींचा जामीन नामंजूर झालेला असतो. तो न्यायालयाचा निर्णय, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. आम्हाला खटकतात ते जामीन मंजूर होऊनही आत बसलेले. हे कसं होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण आमचं सगळं मागणं त्यावरच उभं आहे.

समजा, घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या साइटवर सेंट्रिंगचं काम करणारा परभणीकडचा एक तरुण चोरीच्या आरोपाखाली आत गेला. न्यायालयाने त्याला ‘पंचवीस हजारांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार’ या अटीवर सोडायचा हुकूम केला. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी. लायक जामीनदार म्हणजे ज्याच्याकडे रेशनकार्ड, पत्त्याचा पुरावा, पगाराची स्लिप किंवा सातबारा आहे असा माणूस. मुकादम फोन उचलत नाही. खोलीवरचे सोबती दुसऱ्या साइटवर गेलेले. गावाकडे बापाच्या नावावर दीड एकर आहे, पण तिथल्या तहसीलमधून सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला, आणायची तर दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि एवढं करून जामीनदार बाहेरच्या जिल्ह्याचा म्हणून आक्षेप निघायची भीती. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार भेटतात. त्यांची कागदपत्रं खोटी निघाली की नवीनच लफडं. म्हणून पोरगा आतच राहतो. तो सुटलाय हे कागद सांगतात, आणि त्याच्या आईला मुलाखतीच्या खिडकीवर नंबर लावावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात अशाच एका गवंड्याची दखल घेतली होती. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाने दिलेला जामीन दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितलं. त्याला चार दशकं उलटून गेली.

गंमत अशी की कायद्यात आज कमी काहीच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, एकापेक्षा जास्त खटले असलेलेही नाहीत. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे वर्षभरात हा हक्क लागू होतो, आणि त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर टाकलेली आहे. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधीच्या खटल्यांतल्या कैद्यांनाही हे कलम लागू होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये याच न्यायालयाने सांगून ठेवलंय की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पोचवा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवांना कळवावं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करायची का, हे न्यायालय स्वतःहून पाहू शकतं. स्थानिक जामीनदाराची अट घालू नये. शिवाय केंद्र सरकारची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे. तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम सरकार भरतं. ते ठरवायला जिल्हाधिकारी, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, पोलीस, तुरुंग आणि न्यायालयाचे प्रतिनिधी यांची जिल्हा समिती असते.

आता ठाण्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जिल्हा न्यायालय, कलेक्टर कचेरी आणि तुरुंग एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तरी अशा अडकलेल्या कैद्यांची यादी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला आठवडे लागतात, कारण ती कुणा एकाची नाही. तुरुंगातला लिपिक म्हणतो आम्ही पाठवली, कलेक्टर कचेरीतला म्हणतो आमच्याकडे आलेली नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. समितीपुढे नाव जायला घरच्या परिस्थितीचा अहवाल लागतो. तो दिव्याला, कळव्याला, तुर्भ्याला जाऊन कोणी तरी आणावा लागतो.

वकील आमच्याकडे आहेत. चांगले आहेत, आणि बरेचसे काम फुकट करतात. विधी सेवा प्राधिकरणही कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील देतं, त्यासाठी १५१०० हा नंबर आहे. पण वकिलाचं काम न्यायाधीशांपुढे. दुपारी दोनला तारीख असलेला वकील अकराला कलेक्टर कचेरीतल्या शिरस्तेदाराशेजारी बसून फाइल शोधू शकत नाही. आजवर आम्ही हे काम आळीपाळीने, नोकऱ्या सांभाळून केलं. त्यामुळे दर वेळी नवा चेहरा, दर वेळी पहिल्यापासून ओळख, आणि साहेब बदलले की पुन्हा श्रीगणेशा. एकच माणूस सलग लागतो.

आणि काम फक्त ठाण्यातलं नाही. तुरुंग हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय. म्हणजे दिल्लीकडे बघून उपयोग नाही, मंत्रालयात गृह विभागात जावं लागतं. आमदारांना अधिवेशनाआधी नेमका प्रश्न लिहून द्यावा लागतो, पत्रकारांना कागद दाखवून बातमी समजावावी लागते. बाहेरून रेटा लागला की काय होतं, याचं ताजं उदाहरण आहे. तुरुंगांत जातीवरून कामं वाटली जातात हे मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी बातमीतून मांडलं, मग त्या स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतल्या त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि राज्यांना तीन महिन्यांत नियमावल्या सुधारायला सांगितलं. आता सुधारणा कागदावर झाली की बराकीत, हे राज्याराज्यात कोणी तरी पाठीमागे लागून बघायला हवं. तेही याच माणसाचं काम.

‘चोरांना कशाला मदत करता? ज्यांचं गेलं त्यांचं काय?’ सोसायटीच्या सभेत गेलो की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्यांचा राग आम्हाला कळतो, त्यांच्यातल्या कुणाची साखळी खेचली गेलेली असते, कुणाच्या घरी चोरी झालेली असते. पण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला चालतोच, तारखेला यावंच लागतं, दोषी ठरला तर शिक्षा भोगावीच लागते. आणि न्यायालयाने बाहेर राहायला योग्य ठरवलेला माणूस निव्वळ पैशासाठी आत ठेवायचा, तर त्याचा खर्च तुमच्या-आमच्या करातूनच होतो. ज्याचं गेलं त्याला त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

पगारासाठी पैसे मागायला आम्हालाही संकोच वाटतो. दात्यांना वस्तू द्यायला आवडते. वहीवर नाव घालता येतं, फोटो निघतो. पगाराचा फोटो काय काढणार? मोठ्या कंपन्यांच्या सामाजिक निधीतही तुरुंग हा शब्द आला की समोरचे हळूच विषय बदलतात. म्हणून सरळ तुमच्याकडे आलो.

हिशेब असा: महिना चाळीस हजार पगार, आणि प्रवास, फोन, झेरॉक्स, टपाल यांसाठी महिना सहा हजार. वर्षाचे ५,५२,००० रुपये. त्यांपैकी १,५२,००० सभासदांनी आपसात जमवले आहेत. चार लाख कमी पडतात. महिना पाचशे रुपये वर्षभर देणारी सदुसष्ट घरं मिळाली तरी भागतं. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा अशी सदुसष्ट घरं मिळाली तर आम्हाला जास्त आनंद होईल, कारण उद्या मंत्रालयात बोलताना मागे माणसं आहेत असं सांगता येतं.

माणूस कसा हवा, तेही सांगतो. मराठीत नेमका अर्ज आणि बातमी लिहिणारा, हिंदी-इंग्रजीत अडत नाही असा, साहेबांपुढे न वाकणारा आणि शिपायावर न ओरडणारा. स्त्री असो वा पुरुष, वयाची अट नाही. स्वतः तुरुंगात राहून आलेल्यांचे अर्ज आम्ही आधी वाचू.

पैसे देणं जमत नसेल तर इतर मार्ग आहेत. तहसील किंवा न्यायालयीन सेवेतून निवृत्त झालेल्यांनी आठवड्यातून एक सकाळ दिली तर फार मोठं काम होईल. कागद कोणत्या टेबलावर अडतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. वागळे इस्टेट आणि टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्यातल्या कारखानदारांनी सुटून आलेल्यांना कामावर घ्यायची तयारी दाखवावी. गणेशोत्सव आणि नवरात्र मंडळांनी कार्यक्रमात आम्हाला अर्धा तास द्यावा, आम्ही भाषण न करता प्रश्नांची उत्तरं देऊ.

देणगी संस्थेच्या नावे रेखांकित धनादेशाने किंवा बँक खात्यात थेट द्यावी. खात्याचा तपशील कार्यालयात किंवा आमच्या कोणत्याही सभासदाकडून मिळेल. दोन हजारांवर रोख देऊ नये, कारण त्यावर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही. प्रत्येक देणगीची पावती मिळेल, आणि दर तीन महिन्यांनी किती कैद्यांचे अर्ज कुठे पोचले आणि कुठे अडले, याचा लेखी हिशेब देणगीदारांना घरपोच येईल. अडलेल्यांची यादी लांब असली तरी ती जशीच्या तशी येईल.

आपले,
कार्यकारिणी सदस्य, ठाणे