एका मुक्कामाची सहल

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की महाबळेश्वर आणि गोव्याच्या सहलींची दरपत्रके घरोघरी फिरू लागतात आणि आमच्यासारखे मध्यमवर्गीय लातूरकर शेवटचा आकडा वाचून ‘पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणून मोकळे होतात. यंदा श्रावणात आम्ही हा विषय पुढे न ढकलता तुळजापूर आणि नळदुर्ग अशी दोन दिवसांची सहल केली. तिचा अनुभव इतर वाचकांच्या उपयोगी पडावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रवास एसटीनेच केला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या दरात प्रवास करता येतो. त्यामुळे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईचे तिकीट लागले नाही, पत्नीचे आणि दहा वर्षांच्या मुलाचे अर्धे लागले आणि पूर्ण तिकीट काय ते माझे एकट्याचे. म्हणजे चौघांचा प्रवास दोघांच्या भाड्यात झाला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा घरूनच घेतल्याने पहिल्या दिवशी चहाव्यतिरिक्त खाण्यावर खर्च झाला नाही.

तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला गर्दी असते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. तरीही सुट्टी जुळते म्हणून आपण नेमके त्याच दिवशी जातो, रांगेत अर्धा दिवस काढतो आणि दर्शन आटोपून रात्रीपर्यंत घर गाठतो. याला यात्रा म्हणता येईल, विश्रांती नव्हे. आम्ही बुधवारी निघालो, दर्शन सावकाश घेतले आणि तेथेच मुक्काम केला. परतीची घाई नसल्याने संध्याकाळी आई कितीतरी वेळ नुसती पायरीवर बसून होती, आणि तिला ‘चला, उशीर होतोय’ असे कोणी म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळदुर्ग गाठले. बोरी नदीच्या पात्रात बांध घालून त्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, पाणी महाल बांधलेला आहे. नदीला भरपूर पाणी असले की बांधावरून ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन धबधबे कोसळतात आणि आतल्या सज्जात बसलेल्या माणसासमोर पाण्याचा पडदा उभा राहतो. आम्ही गेलो तेव्हा धार बेताचीच होती, तरी मुलगा तेथून हलायला तयार नव्हता. उपळी बुरुजाच्या पायऱ्या आईला झेपणार नाहीत, म्हणून आम्ही आळीपाळीने चढलो आणि एकजण तिच्याजवळ सावलीत थांबला. (वयस्कर माणसे सोबत असतील तर दिवसाला एकच ठिकाण ठेवावे, हे मी यातून शिकलो.)

खटकलेली गोष्टही सांगितली पाहिजे. परतीच्या वाटेवरील एका बसस्थानकात महिलांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि फलकावरच्या वेळांना प्रत्यक्ष सुटणाऱ्या गाड्यांचा आधार नव्हता. शेवटची गाडी किती वाजता, या प्रश्नाला तिघांकडून तीन उत्तरे मिळाली. निम्म्या तिकिटात प्रवास करणाऱ्या महिलेला मुक्कामाची सहल आखावीशी वाटायची असेल, तर तिला आधी या दोन गोष्टींची खात्री हवी.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. नळदुर्गच नव्हे, तर तेर, खरोसा, परांडा, उदगीर, कंधार, सौताडा अशी एका मुक्कामात होणारी ठिकाणे मराठवाड्यात पुष्कळ आहेत. आठवड्याला एका ठिकाणाची माहिती छापताना इतिहासाच्या चार ओळी कमी झाल्या तरी चालतील. पण जवळचे बसस्थानक, मुक्कामाची सोय आणि आगारातून खात्री करून घेतलेली परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ एवढे अवश्य द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक, लातूर